हाताकडून काय हवं?

जन्मताना खांद्याजवळच्या नसा ताणल्या किंवा तुटल्या आणि तो हात तसाच घेऊन माणूस तीस-पस्तीस वर्षांचा झाला, तर त्या हाताला पूर्ववत करणारी शस्त्रक्रिया आज कुठेच होत नाही. हे सुरुवातीलाच लिहिते, कारण असा हात असलेल्या माणसाला आयुष्यभर दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "नागपूरला दाखवा, ऑपरेशननं नीट होईल." दुसरं, "आता काही होत नाही." दोन्ही खोटी आहेत. गेलेली नस पस्तिशीत परत येत नाही, पण हाड वळवून बसवता येतं, आखडलेला स्नायू सैल करता येतो, चालत्या स्नायूचं टोक सोडवून न चालणाऱ्या कामाला लावता येतं. या प्रत्येक गोष्टीची किंमत शरीरच मोजतं. एक हालचाल मिळते, दुसरी थोडी जाते. म्हणून अशा शस्त्रक्रियेची खरी तयारी रक्ताच्या तपासणीच्या फार आधी सुरू होते, या हाताकडून आपल्याला काय हवं आहे हे ठरवण्यापासून.

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातल्या एका गावातली चौतीस वर्षांची बाई सध्या हेच ठरवते आहे. तिचं आणि गावाचं नाव इथे देत नाही. घरी तीन एकर धान, नवरा, दोन मुलं, सासू आणि एक दुभती गाय. हात उजवा. खांद्यापासून आत वळलेला, कोपरात थोडा वाकलेला, डाव्यापेक्षा लांबीला कमी. ती जेवते त्याच हातानं, पण घास तोंडाशी नेताना कोपर खांद्याच्या उंचीला बाजूला उचललं जातं, तुतारी फुंकणाऱ्याचं असतं तसं. डॉक्टरही या खुणेला तुतारीचंच नाव देतात. लग्नाच्या पंगतीत शेजारणीला कोपर लागतं, म्हणून ती नेहमी ओळीच्या टोकाला बसते. हळदीकुंकवाला डावा हात पुढे केला की समोरची बाई क्षणभर थबकते, हे तिला लहानपणापासून पाठ आहे. शाळेत डाव्या हातानं लिहिते म्हणून छड्या खाल्ल्या, तेव्हा हात आत वळलेला आहे हे बघायला कुणी थांबलं नाही. ब्लाउज घालताना आधी उजवा हात बाहीत जातो, मग डावा, काढताना उलट. हा क्रम चुकला तर सगळं अडतं. पदर ती कायम असा घेते की उजवा दंड झाकला जाईल.

तिचा जन्म घरी झाला, सुईणीच्या हातून. डोकं आलं आणि खांदा अडला. मूल वजनदार असलं, आईला गरोदरपणात साखर असली, पायाळू असलं, की अशी इजा होण्याची शक्यता वाढते. पण या गोष्टी नसतानाही होतं, दवाखान्यात निष्णात हातांखालीही होतं, क्वचित सिझेरियनमध्येही. अडलेला खांदा आईच्या पुढच्या हाडामागे रुतलेला असतो आणि मान एका बाजूला ताणली जाते. मानेतून हातासाठी पाच नसा निघतात, मानेची पाचवी, सहावी, सातवी, आठवी आणि छातीची पहिली. कॉलरबोनच्या मागे त्या एकमेकींत मिसळतात आणि पुन्हा वाटल्या जातात. ताण आला की सर्वांत आधी वरच्या दोन सापडतात, पाचवी आणि सहावी. खांदा बाजूला उचलणं, दंड बाहेर वळवणं, कोपर वाकवणं, तळहात वर करणं ही कामं बहुतांशी त्यांचीच. म्हणून बाळाचा हात अंगाशी चिकटून, आत वळून, तळवा मागे करून पडून राहतो.

आई आजही सांगते की ग्रहणात विळा हाती धरला होता, म्हणून झालं. चौतीस वर्षं ही आई स्वतःला गुन्हेगार समजत आली. ग्रहणाचा आणि खांदा अडण्याचा काहीही संबंध नाही हे तिला घरच्या कुणी, शिकलेल्यांनीही, एकदा बसवून सांगितलेलं नव्हतं. लेकीच्या शस्त्रक्रियेच्या तयारीत हेही एक काम होतं आणि ते नागपूरच्या डॉक्टरबाईंनी केलं. कागदावर नसांचं चित्र काढून म्हणाल्या, "आई, इथं ताण बसला. तुमच्या हातून काही झालं नाही."

वैद्यकाला ही इजा जुनी ओळखीची आहे. विल्यम स्मेली या स्कॉटिश प्रसूतितज्ज्ञानं अठराव्या शतकातच नवजात बाळाच्या लुळ्या हातांची नोंद केली होती. फ्रान्सच्या द्युशेननं १८७२ मध्ये तिचा संबंध प्रसूतीशी स्पष्ट जोडला, १८७४ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म एर्बनं नेमकी जागा दाखवली, आणि त्याच्या नावानं ही इजा आज 'एर्ब्ज पाल्सी' म्हणून ओळखली जाते. खालच्या नसांच्या इजेचं वर्णन १८८५ मध्ये ऑगस्टा क्लुम्पके या तरुण डॉक्टर बाईनं केलं. ग्लासगोच्या रॉबर्ट केनेडीनं १९०३ मध्ये अशा बाळांच्या नसांवर शस्त्रक्रिया करून पाहिली. जगात सर्वांत प्रसिद्ध असा हात जर्मनीच्या कैसर दुसऱ्या विल्हेल्मचा. तो २७ जानेवारी १८५९ रोजी पायाळू जन्मला, डावा हात कायमचा अधू आणि आखूड राहिला. लहानपणी त्या हातावर विजेचे झटके देऊन झाले, नुकत्याच मारलेल्या सशाच्या उबेत तो गुंडाळून झाला. पुढे आयुष्यभर छायाचित्रांत तो हात कधी तलवारीच्या मुठीवर, कधी हातमोज्याच्या आड. सम्राटाकडे छायाचित्रकार होते, आमच्या पवनीच्या बाईकडे पदर आहे. लपवण्याची धडपड एकच.

बाळपणी काय करता आलं असतं, हे सांगायलाच हवं, कारण हा लेख कुणा नव्या आईच्या हातीही पडेल. अशा बऱ्याचशा बाळांचा हात पहिल्या काही महिन्यांत आपोआप सुधारतो. साधारण वीस ते तीस टक्क्यांत काहीतरी उणीव कायमची राहते. तिसऱ्या महिन्यापर्यंत बाळानं कोपर वाकवलं नाही तर ते तज्ज्ञाकडे गेलंच पाहिजे. पॅरिसच्या अलँ जिल्बेर यांनी हा तीन महिन्यांचा निकष रूढ केला. कारण साधं आहे. तुटलेली नस जोडली तर ती दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, आणि नसेविना पडून असलेला स्नायू साधारण दीड वर्षात तिला ओळखेनासा होतो. त्यानंतर नस पोचली तरी उपयोग नसतो. मुंबईचे डॉ. मुकुंद थत्ते आणि डॉ. रुजुता मेहता यांनी २०११ मध्ये भारतीय प्लास्टिक सर्जरीच्या नियतकालिकात या विषयावर सविस्तर लिहिलं आहे. म्हणजे विद्या महाराष्ट्रात होती. वैनगंगेच्या काठच्या गावातून ती विद्या गाठायला वाट मात्र नव्हती. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासली जातात. आता अशी बाळं वेळेत सापडावीत, एवढी तरी आशा धरता येते. भंडाऱ्यात नवजात बाळ म्हटलं की ९ जानेवारी २०२१ ची रात्र आठवते, जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून दहा बाळं गेली ती. त्या दहा बाळांचा शोक सगळ्या राज्यानं केला आणि तो करायलाच हवा होता. पण जगलेल्या, इजा घेऊन मोठ्या झालेल्या बाळांचं पुढे काय झालं हे विचारायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

मोठ्या माणसात प्रश्न नसेचा उरत नाही, सांध्याचा आणि हाडाचा होतो. खांदा आत ओढणारे स्नायू धडधाकट आणि बाहेर ओढणारे निकामी, अशी वर्षानुवर्षांची असमान ओढाताण चालली की दंडाच्या हाडाचा गोळा मागे सरकतो आणि त्याची खोबण चपटी होते. लहान मुलात, खोबण अजून गोल असताना, पाठीचा मोठा स्नायू सोडवून खांदा बाहेर वळवण्याच्या कामाला लावतात. अमेरिकेच्या लेपिस्कोपोनं १९३४ मध्ये सांगितलेल्या या पद्धतीचे सुधारलेले प्रकार आजही वापरात आहेत. खोबण बिघडलेल्या प्रौढात त्याचा लाभ कमी. तिथे बहुधा दुसरा मार्ग धरतात. दंडाचं हाड मधे कापायचं, खालचा भाग बाहेरच्या बाजूला ठरलेल्या अंशांत फिरवायचा आणि पट्टी-स्क्रूनं पक्का करायचा. मनगट वर उचलत नसेल तर हाताच्या पुढच्या बाजूचा एक कंडरा मागे नेऊन जोडतात. कोपर वाकतच नसेल तर मांडीतला एक स्नायू त्याच्या रक्तवाहिनी आणि नसेसकट हातात नेण्यापर्यंत शस्त्रक्रिया पोचली आहे, पण ती फार मोठी आणि निवडक जागीच होणारी.

चालता स्नायू न चालणाऱ्या कामाला लावण्याची ही कल्पना पूर्व विदर्भाला परकी नाही. कुष्ठरोगाचा भार दीर्घकाळ सोसलेला हा प्रदेश. १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांची वाकलेली बोटं कंडरा हलवून सरळ करायला सुरुवात केली, त्याच सुमाराला, १९४९ मध्ये, बाबा आमट्यांनी इकडे वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापन केली. ब्रँड यांच्या कामातली एक गोष्ट आजच्या प्रत्येक रुग्णानं ध्यानात घ्यावी अशी आहे. शस्त्रक्रियेनंतर स्नायूला नवं काम शिकवावं लागतं, आणि ते शिकवलं नाही तर टेबलावरचं सगळं कौशल्य वाया जातं. ज्या स्नायूनं आजवर बोट वाकवलं त्याला आता ते सरळ करायचं आहे, हे मेंदूला पटवून द्यायला आठवडे जातात. शिवाय हलवलेल्या स्नायूची ताकद साधारण एका पायरीनं उतरते. म्हणून शून्य ते पाच या मोजमापात चारच्या खालचा स्नायू सहसा हलवत नाहीत.

तिची तपासणी झाली तेव्हा मी बरोबर होते. पाच हालचाली करायला सांगितल्या. हात बाजूला उचला. कोपर अंगाला लावून हात बाहेर वळवा. हात मानेमागे न्या. पाठीमागे न्या. तोंडाशी न्या. प्रत्येकीला एक ते पाच गुण. फ्रान्सच्या मालेचं हे कोष्टक. हात बाजूला अर्ध्यावर गेला, बाहेर अजिबात वळला नाही, मानेमागे पोचलाच नाही. पाठीमागेही नीट जात नव्हता, पोटावर मात्र सहज. मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवून विचारलं, "ताई, या हातानं तुम्हाला काय करायचं आहे?"

ती बराच वेळ गप्प. चौतीस वर्षांत हात कसा झाला हे शेकडो जणांनी विचारलं होतं, हे कुणीच विचारलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "मले दोन्ही हातानं केसं बांधाचे हायेत."

डॉक्टर म्हणाले, होईल, पण ऐका. हाड बाहेर वळवलं तर हात मानेकडे, डोक्याकडे जाईल. पण सांधा तोच आहे, त्याचा फिरण्याचा एकूण पल्ला वाढत नाही, फक्त बाहेरच्या बाजूला सरकतो. जितकं बाहेर मिळेल तितकं आत कमी होईल. आज हात पोटावर सहज येतो, तो कदाचित येणार नाही. त्यांनी तिचा दंड धरून बाहेर वळवल्यासारखा केला आणि म्हणाले, आता बेंबीजवळ बोटं नेऊन बघा. हात चार-पाच बोटं अलीकडेच थांबला.

तिथे बसलेल्या आम्हा दोघींना एकदम कळलं की ही साडीची गोष्ट आहे. निऱ्या घालून त्या पोटाशी खोचायच्या, त्या वेळी उजवा हात निऱ्या धरतो आणि डावा खोचतो. हात पोटापर्यंत आला नाही तर साडी नेसता येणार नाही. शौचाला, अंघोळीला, मासिक पाळीत हाच हात आत यावा लागतो. पुरुषाला पँटचं बटण लावण्याचा प्रश्न. किती अंश फिरवायचं याचा आकडा ठरवताना सर्जनच्या डोक्यात एक्स-रे आणि सीटी स्कॅन असतो. साडी त्यात असतेच असं नाही, ती रुग्णानंच बोलून दाखवावी लागते. आणि हे सगळं आधी, जागेपणी ठरवावं लागतं, कारण हाड फिरवलं जातं तेव्हा रुग्ण भुलीखाली असतो. मला या संपूर्ण तयारीत हा मुद्दा सर्वांत मोठा वाटतो. संमतीपत्रावर सही घेण्याआधी अर्धा तास या एका प्रश्नाला द्यायला हवा, आणि रुग्णानंही तो अर्धा तास हक्कानं मागायला हवा.

बाकीच्या तपासण्या तशा नेहमीच्या, पण आमच्या भागात त्यातल्या दोनांना वेगळं वजन आहे. पहिली सिकलसेलची. पूर्व विदर्भात हा आजार अनेक समाजांत आहे. शस्त्रक्रियेत शरीर गार पडलं, पाणी कमी झालं, प्राणवायू उतरला तर सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवतात. हात बांधून रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा वापरायचा असेल तरीही भूलतज्ज्ञाला हे आधी ठाऊक असावं लागतं. साध्या चाचणीत शंका आली तर इलेक्ट्रोफोरेसिसनं वाहक की रुग्ण हे कळतं. ती वाहक निघाली. वाहकाला भुलीचा धोका सहसा फारसा वाढत नाही, पण कागदावर ठळक लिहून ठेवलं. त्याच निमित्तानं दोन्ही मुलांची चाचणी करून घ्यायची ठरली.

दुसरी तपासणी तोंड उघडण्याची. भूलतज्ज्ञ डॉक्टर म्हणाले, आपलीच तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालून बघा. तिची दोनच गेली. खर्रा. तंबाखू, सुपारी आणि चुना घोटलेली पुडी आमच्याकडे पुरुष खातात तशी बायाही खातात, बांधीत वाकून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करताना तर भूक मारायला म्हणूनही खातात. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठर होत जाते, तोंड उघडत नाही, आणि मग भुलीसाठी श्वासनळीत नळी घालणं अवघड होऊन बसतं. तंबाखूतलं निकोटीन कापलेलं हाड लवकर सांधू देत नाही ते वेगळंच. तिला खर्रा बंद करायला सांगितलं, आणि तोंडाचे व्यायाम दिले. हे व्यसन सोडणं तिला हाताच्या निर्णयापेक्षा जड गेलं. कुणी तिला त्यावरून हिणवलं नाही याचं मला बरं वाटलं. गावातल्या आशाताई रोज येऊन विचारून जात, तेवढ्यानं फरक पडला.

छातीचा एक्स-रेही नीट पाहिला. श्वासपटल हलवणारी नस मानेतूनच निघते, जन्माच्या वेळी तिलाही इजा झालेली असू शकते. खांद्याला भूल देण्यासाठी मानेत इंजेक्शन दिलं तर त्या बाजूचं श्वासपटल काही तास थांबतं. दुसरी बाजू ठीक आहे ना, हे आधी माहीत हवं.

फिजिओथेरपिस्टनं घरी एक प्रयोग करायला सांगितला होता. एक दिवस उजवा हात ओढणीनं पोटाशी बांधून घरातली सगळी कामं करून बघायची, कारण शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे हात झोळीत राहणार. तिला वाटलं होतं, आपण तर जन्मभर एका हातानंच जगतो, काय अडणार? दुपारपर्यंत ती रडकुंडीला आली. परातीत पीठ मळताना परात सरकू नये म्हणून तोच अधू हात दाबून धरतो. कपडे पिळताना दुसरं टोक काखेत अडकवतो. गाईचं दूध काढताना बादली सावरतो. धाकट्याला कडेवर घेतलं की पाठीला आधार देतो. दुबळा म्हणून ज्याला कधी कामात धरलंच नाही तो हात दिवसभर किती राबतो, हे त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी पाहिलं. नवऱ्यानं परातीखाली घालायला ओल्या पोत्याचा तुकडा ठेवला, सासूनं गाय आपल्याकडे घेतली. ही तयारी कुठल्या रुग्णालयाच्या कागदावर लिहिलेली नसते.

आणि मग धानाचं पंचांग. मृगात पऱ्हे टाकायचे, आषाढ-श्रावणात रोवणा, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणा, म्हणजे मळणी. त्यानंतर गावोगाव मंडईची जत्रा, दंडारीचे खेळ, पाहुणे. मंडई झाली की बाईला थोडी उसंत. डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली तर हाड सांधायला दोन-तीन महिने, व्यायामाला पुढचे तीन, म्हणजे रोवण्यापर्यंत हात बऱ्यापैकी तिच्या ताब्यात येईल. चिखलात वाकून दिवसभराचं काम त्या वर्षी नाहीच. मजूर लावावा लागेल, त्याचे पैसे आताच बाजूला काढायचे आहेत. शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवलं. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळत नव्हती, ती दुरुस्त करायला तहसीलच्या खेपा झाल्या. व्यायामाला दर आठवड्याला जायचं तर एसटी. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, त्यानं ते झेपण्यासारखं झालं. दिव्यांग प्रमाणपत्राचीही तिला काळजी आहे. हात सुधारला तर टक्का चाळीसच्या खाली जाईल आणि सवलती जातील का, हे तिनं तीनदा विचारलं. चांगलं होण्याची धास्ती वाटावी, अशी रचना आपण का ठेवली आहे, याचं उत्तर द्यायला तिथे कुणी नव्हतं.

सर्वांत अवघड गोष्ट अपेक्षा मापात ठेवण्याची. हाताची लांबी वाढणार नाही. खांद्याचं दुखणं कमी होईल, पण कदाचित पूर्ण जाणार नाही. मेंदूनं जन्मापासून हा हात पूर्णपणे वापरलेलाच नाही, त्यामुळे पल्ला मिळाला तरी तो वापरायची आठवण स्वतःला करून द्यावी लागेल. डावा खांदाही आता दुखतो, दोघांचं काम एकट्यानं केल्यामुळे. डॉक्टरांनी सांगितलं, त्याला विश्रांती मिळेल हाही या शस्त्रक्रियेचा एक लाभ धरा.

दुसऱ्या भेटीला ती नुसती साडी नेसून नव्हे, तर निऱ्या सोडवून पुन्हा घालून दाखवायच्या तयारीनं गेली. डॉक्टरबाईंच्या खोलीत दार लावून तिनं निऱ्या घातल्या, उजवा हात कुठपर्यंत यावा लागतो ते बोट ठेवून दाखवलं, आणि त्यांनी कोनमापकानं तो कोन मोजून कागदावर लिहिला. तेवढं राखून जितकं बाहेर वळवता येईल तितकंच वळवायचं, असं ठरलं. केस पूर्ण बांधता येतील की नाही, सांगता येत नाही. कपाळावरून मागे नेता येतील, कदाचित वेणीचं टोक पुढे घेऊन घालता येईल. तिला चालेल का, असं विचारलं.

"साडी मलेच नेसता आली पायजे," ती म्हणाली. "केसं जमन तेवढं जमन."

तारीख मंडईनंतरची मिळाली आहे. पोत्याचा तुकडा चुलीजवळ तयार आहे, मजुरांशी बोलणं व्हायचं आहे, आणि तोंडात आता अडीच बोटं जातात.